सोमवारचा गठ्ठा : इंग्रजीच्या गृहपाठाची दीडशे वर्षे

मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्याचा आठवडा वह्यांच्या गठ्ठ्यापासून सुरू होतो. शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी फळ्यावर गृहपाठ लिहायचा, मुलांनी तो रविवारी घरी करायचा आणि सोमवारी मॉनिटरने सगळ्यांच्या वह्या गोळा करून शिक्षकांच्या खोलीत आणून ठेवायच्या. सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी आठवी, नववी, दहावीला इंग्रजी शिकवताना माझी अख्खी नोकरी या क्रमात गेली. क्रमिक पुस्तके बदलली, परीक्षेचे आराखडे बदलले, मुलांच्या हातातली शाईची पेने जाऊन बॉलपेने आली. सोमवारचा गठ्ठा मात्र टेबलावरून हलला नाही.

हा गठ्ठा आपल्याकडे कधी आला, कशासाठी आला आणि त्याचा भार कुणी कुणी उचलला, हे मी निवृत्तीनंतर सवडीने वाचत गेले. शिक्षणाच्या इतिहासात कायदे, आयोग आणि संस्थापक भरपूर भेटतात. रात्री दिवा लावून मुलाशेजारी बसणारा बाप, वसतिगृहात अभ्यासाची घंटा वाजवणारा गृहपाल, रात्री जेवणे आटोपल्यावर लाल पेन घेऊन वह्या उघडणारी शिक्षिका यांच्या वाट्याला त्यात फार तर एखादी ओळ येते. माझ्या मते महाराष्ट्रात इंग्रजी रुजली ती या माणसांमुळे. ज्या घरात इंग्रजी कुणीच बोलत नाही, त्या घरातल्या मुलाला ती येते लिहून लिहून, आणि त्याने लिहिलेले कुणीतरी नीट वाचल्यामुळे. हे लिहिणे आणि वाचणे आठवड्याच्या आठवड्याला चालू राहावे लागते. गृहपाठाचा इतिहास म्हणून मी जे सांगणार आहे, तो या एका गोष्टीचा इतिहास आहे.

सुरुवात परीक्षेपासून करावी लागते. पेशवाई संपल्यानंतरच्या दोन-तीन दशकांत मुंबई-पुण्यात इंग्रजीचे वर्ग निघाले, तेव्हा शिकणारे थोडे आणि साधने त्याहून थोडी होती. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला, इंग्रजी शब्दाला मराठी अर्थ देणारा कँडीचा कोश १८४७ मध्ये. याच मेजर कँडीने १८५० मध्ये विरामचिन्हांवर एक छोटे पुस्तक काढले. आज मराठीच्या वहीतही आपण स्वल्पविराम आणि पूर्णविराम बघतो, त्यामागे त्या काळच्या शालेय पुस्तकांची मोठी कामगिरी आहे. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. त्या पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते.

मॅट्रिक आली आणि इलाख्यातल्या सगळ्या हायस्कुलांची तोंडे तिच्याकडे वळली. मराठी इयत्ता पुऱ्या करून मुलगा ‘इंग्रजी पहिली’त जाई आणि इंग्रजी सातवीच्या शेवटी मॅट्रिकला बसे. पास झाला तर कचेरीत नोकरी, पुढे कॉलेज, वकिली. नापास झाला तर पुन्हा बसायचे. परीक्षेत मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत भाषांतर करावे लागे. जे परीक्षेत विचारतात ते शाळेत करून घेतात आणि जे शाळेत पुरे होत नाही ते घरी पाठवतात. इंग्रजीचा गृहपाठ म्हणजे भाषांतर, हे समीकरण असे जमले आणि जवळजवळ शंभर वर्षे टिकले.

वाचायला त्या काळी हॉवर्डची पुस्तके होती. हॉवर्ड हे १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्याचे प्रमुख होते आणि त्यांच्या नावाची इंग्रजी वाचनमाला इलाख्यातल्या शाळांत वर्षानुवर्षे चालली. लिहायला तर्खडकर. ‘तर्खडकर भाषांतर पाठमाला’ हे नाव आजही साठी ओलांडलेल्या कुठल्याही मराठी माणसापुढे घ्या, तो मान डोलावतो. भाग पहिला, दुसरा, तिसरा अशा चढत्या पायऱ्या. प्रत्येक पाठात एखादा नियम, नवे शब्द अर्थासह, मग इंग्रजीत करायची मराठी वाक्ये आणि मराठीत करायची इंग्रजी वाक्ये. शिक्षकाला फक्त पाठाचा आकडा सांगायचा असे. मुलाला घरी काय करायचे ते पुस्तकच सांगे, आणि ज्याला शाळाच मिळाली नाही तोही ते पुस्तक घेऊन बसू शके.

माझ्या वडिलांची, आण्णांची, तर्खडकरांच्या दुसऱ्या भागाची प्रत माझ्याकडे आहे. पुठ्ठा गेलेला, त्याजागी जाड कापड चिकटवलेले. प्रत्येक पाठाच्या डोक्यावर शिसपेन्सिलीने तारीख आणि शेजारी एक बारीकशी आडवी रेघ. तारखा बहुतेक रविवारच्या. पाठ लिहून झाला की तारीख टाकायची, मास्तरांनी तपासला की रेघ मारायची, असा त्यांचा रिवाज होता. काही पाठांवर दोन तारखा आहेत. तो पाठ पहिल्यांदा चुकला, म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा लिहिला.

भाषांतर करवून घेण्याची ही पद्धत पुढे बरीच बदनाम झाली. तिच्यात दोष होतेच. मुलाला इंग्रजी बोलता येत नसे, आणि मराठीत आधी विचार केल्याशिवाय वाक्य उठत नसे. तरी तिचा एक गुण मी रोज पाहिला आहे. ‘मी काल पुण्याला गेलो होतो’ हे साधे वाक्य नववीच्या वर्गाला घरी इंग्रजीत करायला द्या. निम्म्याहून अधिक वह्यांत ‘आय हॅड गॉन टु पुणे यस्टर्डे’ असे येते. मूल निष्काळजी म्हणून ते तसे येत नाही. मराठीत ‘गेलो होतो’ म्हटले की गेलो आणि परतही आलो, असा अर्थ निघतो, आणि मुलाने ‘होतो’साठी ‘हॅड’ इमानाने आणून ठेवलेले असते. इंग्रजीत ‘हॅड गॉन’ लिहायचे तर त्यानंतर घडलेली भूतकाळातली दुसरी गोष्ट हवी: मी गेलो होतो, तेवढ्यात पाहुणे आले. नुसती कालची हकिगत असेल तर ‘वेंट’ पुरे. ही चूक तोंडी तासाला निसटून जाते. वहीत ती पकडता येते, तिच्याखाली रेघ मारता येते आणि मंगळवारी फळ्यावर घेऊन वर्गाला समजावता येते. तर्खडकरांच्या पाठमालेने मराठी मुलाच्या अशा नेमक्या अडचणी ओळखल्या होत्या, कारण ती मराठी डोक्याने रचलेली होती.

आता त्या पुस्तकांपुढे बसलेल्या एका मुलाविषयी. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव रामजी आंबेडकर याचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीत दाखल झाले. त्या शाळेचे नाव आज प्रतापसिंह हायस्कूल आहे आणि ती तारीख महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळली जाते. शाळाप्रवेशाची ती गोष्ट आपण मुलांना दरवर्षी सांगतो. मला तिच्या जोडीला घरातली गोष्ट सांगावीशी वाटते. हॉवर्डची पुस्तके आणि तर्खडकरांचे तिन्ही भाग वडिलांनी आपल्याकडून करून घेतले, हे बाबासाहेबांनीच आपल्या आठवणींत सांगून ठेवले आहे. हे वडील, सुभेदार रामजी सकपाळ, लष्करात होते आणि महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि पुढे सरकारच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिकवण्याची सोय होती. तिच्यामुळे महार पलटणींतल्या काही घरांत लिहिणे-वाचणे पोचले. म्हणजे गावात ज्या मुलाला शाळेत वेगळे बसावे लागत होते, त्याच्या घरात मात्र एक शिकलेला शिक्षक होता.

पुढे हे कुटुंब मुंबईला परळच्या चाळीत आले. एका खोलीत सगळा संसार. मुलाला लवकर झोपवायचे आणि रात्रीच्या दोन वाजता उठवून अभ्यासाला बसवायचे, अशी रामजींनी व्यवस्था केली होती, कारण त्या खोलीत शांतता आणि मोकळी जागा मिळण्याची वेळ तेवढीच होती. आंबेडकर १९०७ मध्ये एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. त्यांच्या इंग्रजी गद्याची ताकद जगाने नंतर पाहिली. ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ मूळ इंग्रजीत वाचताना वाक्यांची जी घट्ट बांधणी दिसते, तिच्यामागे कोलंबिया आणि लंडन आहेत. पण त्याही आधी तर्खडकरांचे भाग आहेत आणि शेजारी बसून ते तपासणारा बाप आहे. इंग्रजी शिक्षकांच्या प्रशिक्षणात हा प्रसंग शिकवला पाहिजे, असे मी कायम म्हणत आले.

मुलींच्या बाबतीत तो दिवा लावायलाच विरोध होता. रमाबाई रानडे १८७३ मध्ये अकराव्या वर्षी लग्न होऊन सासरी आल्या. त्यांचे पती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांना घरीच शिकवायला घेतले, आधी मराठी, मग इंग्रजी. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात त्यांनी या दिवसांचे चित्र काढले आहे. दिवसा बायकांत राहून घरकाम करायचे, त्यांचे टोमणे ऐकायचे, आणि रात्री अभ्यासाला बसायचे. मराठी वाचणे घरातल्या बायकांनी एक वेळ सोसले. इंग्रजी त्यांना सोसवत नव्हती. तरीही अभ्यास सुटला नाही. पुढे पुण्यात मुलींसाठी हायस्कूल काढावे अशी मागणी करणारे निवेदन रमाबाईंनी गव्हर्नरांपुढे इंग्रजीत वाचून दाखवले, आणि १८८४ मध्ये ते हायस्कूल, म्हणजे आजचे हुजूरपागा, सुरू झाले. तिथला इंग्रजीवर भर असलेला अभ्यासक्रम आणि मुलींना दिवसभर घराबाहेर ठेवणारे वेळापत्रक यांवर टिळकांनी कडाडून टीका केली. मुलीचा वेळ नक्की कुणाचा, हा प्रश्न त्या वादाच्या मुळाशी होता. माझ्या वर्गात सोमवारी वही न आणणाऱ्या मुलींना मी कारण विचारत असे. कांदा काढायला गेले होते, धाकट्या भावाला सांभाळत होते, पाणी भरायचे होते, अशी उत्तरे मिळत. शंभर वर्षांनीही रविवार मुलाला मिळत होता आणि मुलीला मागून घ्यावा लागत होता.

ज्यांच्या घरी न दिवा, न शिकलेला बाप, न नवरा, त्यांचे काय? या प्रश्नाला महाराष्ट्राने दिलेले उत्तर म्हणजे वसतिगृह. त्याआधीच्या काळात गरीब ब्राह्मण मुले शिकायला पुण्या-साताऱ्याला येत आणि वार लावून जेवत: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. पोटाची सोय अशी जातीतल्या जातीत होई. बहुजन समाजातल्या मुलाला तेही दार नव्हते. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात मराठा बोर्डिंग काढले आणि पुढे अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसह अनेक समाजांसाठी वसतिगृहे उभी करवली. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी काढलेल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले.

वसतिगृहांचा इतिहास सांगताना आपण एकत्र पंगतीवर थांबतो. ती पंगत क्रांतिकारक होतीच. जेवणानंतरच्या दोन तासांचेही तेवढेच मोल आहे, हे मला आण्णांकडून कळले. ते चाळीसच्या दशकात साताऱ्याला एका वसतिगृहात राहून शिकले. संध्याकाळची प्रार्थना, जेवण, मग घंटा. घंटा झाली की प्रत्येकाने आपली वळकटी भिंतीला लावून कंदिलाभोवती बसायचे. एका कंदिलाला चार-पाच मुले. वरच्या इयत्तेतल्या मुलाने खालच्या मुलांचे भाषांतर बघायचे, त्याला अडले तर गृहपालांना विचारायचे. घरी आई-वडील दोघेही निरक्षर असलेल्या मुलाला आपले इंग्रजी वाक्य वाचून दाखवायला माणूस मिळाला तो असा. आण्णांच्या तर्खडकरातल्या कित्येक आडव्या रेघा मास्तरांच्या नाहीत, त्या वरच्या वर्गातल्या मुलांच्या आहेत.

आण्णांच्या बरेच आधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच, शिकवण्याच्या पद्धतीवर वाद पेटला होता. मुंबईत १९०६ मध्ये माध्यमिक शिक्षकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय निघाले. त्याचे प्राचार्य नेल्सन फ्रेझर, म्हणजे तुकारामांचे अभंग इंग्रजीत नेणाऱ्या जोडीतले एक, इंग्रजी ही मराठीच्या मध्यस्थीवाचून थेट शिकवावी या मताचे होते. पर्सिव्हल रेन हेही त्या काळी मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि त्यांनीही थेट पद्धतीचा पुरस्कार केला. इंग्लंडला परतल्यावर हेच रेन १९२४ च्या ‘बो जेस्ट’ या कादंबरीमुळे जगभर गाजले. आपल्याकडे मात्र ते ओळखले जातात ‘रेन अँड मार्टिन’ मधले रेन म्हणून.

थेट पद्धत प्रशिक्षण महाविद्यालयाच्या नमुना-वर्गात छान चालली. तालुक्याच्या शाळेत ती चालवायला अस्खलित इंग्रजी बोलणारा शिक्षक आणि लहान वर्ग लागत होता, आणि दोन्हींचा तुटवडा होता. शिवाय परीक्षा लेखीच राहिली. त्यामुळे गृहपाठ भाषांतराकडून सरकला तो बोलण्याकडे न जाता व्याकरणाकडे गेला. १८९८ चे नेसफील्डचे व्याकरण शाळांत होतेच. १९३० च्या दशकात रेन आणि मार्टिन यांचे हायस्कूल व्याकरण आले आणि त्यातले क्रमांक टाकलेले स्वाध्याय शिक्षकांच्या फार सोयीचे ठरले. ‘स्वाध्याय बावीस, पहिली दहा वाक्ये’ एवढे सांगितले की गृहपाठ दिला. पुढे एन. डी. व्ही. प्रसाद राव यांनी सुधारलेली त्याची आवृत्ती एस. चंद यांनी काढली आणि ते पुस्तक आजही विकले जाते. त्याच्या मागोमाग उत्तरांची ‘की’ बाजारात आली, आणि घरी बसून लिहायच्या कामाची उत्तरे छापील मिळू लागली.

स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई राज्यात पाचवी ते सातवीतून इंग्रजी काढून ती आठवीपासून शिकवण्याचे धोरण आले. मातृभाषेचा पाया आधी पक्का व्हावा, हा त्यामागचा हेतू प्रामाणिक होता. १९४९ मध्ये मॅट्रिकची जागा एस.एस.सी.ने घेतली, आणि आठवीत एबीसीडी गिरवणाऱ्या मुलाला अकरावीला इंग्रजीचा पेपर द्यावा लागू लागला. सात वर्षांत व्हायचे काम चार वर्षांत आले. शहरात ज्यांना परवडले त्यांनी मुलांना आधीपासूनच खासगी शिकवणी लावली. खेड्यातला मुलगा आठवीत पहिल्यांदा चौरेघी वही घेऊन बसला. पुढे पाचवीपासून इंग्रजी परत आली, १९६७ मध्ये पाठ्यपुस्तकांसाठी बालभारती स्थापन झाली, १९७५ मध्ये दहावीची एस.एस.सी. सुरू झाली. इंग्रजीत नापास होणाऱ्यांची धास्ती मात्र खेड्यापाड्यांत कायम राहिली, आणि तिच्यावर गाइडांचा बाजार उभा राहिला.

या काळातला गृहपाठ माझ्या पिढीने आधी केला आणि मग दिला. वाक्य बदलून लिहा: ‘नो सूनर दॅन’ वापरून लिहा, ‘नॉट ओन्ली बट ऑल्सो’ वापरून लिहा, व्हॉइस बदला, ‘रिमूव्ह टू’. यातल्या शेवटच्या प्रकाराकडे जरा जवळून बघू. दिलेले वाक्य: ‘द टी इज टू हॉट टु ड्रिंक.’ उत्तर हवे: ‘द टी इज सो हॉट दॅट वुई कॅनॉट ड्रिंक इट.’ वह्यांमागून वह्या तपासा, शेवटचे ‘इट’ गळालेले असते. मराठीत ‘चहा इतका गरम आहे की पिता येत नाही’ एवढ्यावर वाक्य पुरे होते, काय पिता येत नाही हे पुन्हा सांगावे लागत नाही. हे ‘इट’ का लागते ते एकदा मुलाच्या वहीत त्याच्याच वाक्याखाली लिहून दाखवले, की पुढच्या आठवड्यात ते येते. गाइडातून उतरवलेल्या उत्तरात ‘इट’ बरोबर असते, पण परीक्षेत चहाच्या जागी पेटी आणि पिण्याच्या जागी उचलणे आले की पुन्हा गळते. उतरवलेला गृहपाठ ओळखायला मला कधी वेळ लागला नाही. त्यात चुका नसत, आणि चुका नसल्या की शिकवायला धागा सापडत नसे.

म्हणून मी गृहपाठ लहान केला. आठवड्याला इंग्रजीत सहा-सात ओळी, विषय असा की गाइडात सापडणार नाही: तुमच्या शिवारातली विहीर, काल घरी कोण आले होते, एस.टी. चुकली तेव्हा काय केले. शनिवारी पहिल्या दोन ओळी वर्गातच लिहून घ्यायच्या, म्हणजे ज्याच्या घरी विचारायला कुणी नाही त्याचीही गाडी सुरू झालेली असते. वहीत सगळ्या चुका लाल करायच्या नाहीत, दोनच निवडायच्या. मुलाने त्या वाक्यांखाली दुरुस्त वाक्ये लिहायची आणि मी ती पुन्हा बघायची. आण्णांच्या पुस्तकातल्या दोन तारखांवरून मला हे सुचले.

यातला हिशेबही सांगितला पाहिजे, कारण गृहपाठावरची चर्चा बहुधा त्याला वगळून होते. साठ मुलांच्या तीन तुकड्या म्हणजे एकशे ऐंशी वह्या. एका वहीला दोन मिनिटे दिली तरी तीनशे साठ मिनिटे, म्हणजे सहा तास. शाळेच्या वेळापत्रकात या सहा तासांना कुठेही जागा नसते. रामजी सकपाळांपुढे एक मुलगा होता, वसतिगृहातल्या कंदिलाभोवती चार-पाच. वर्ग साठांवर गेला तेव्हा तपासणे सहीवर आले. खाली तारीख, सही आणि बरोबरची खूण. मुलांना हे लगेच कळते. आपले लिहिलेले कुणी वाचत नाही हे कळलेला मुलगा उतरवायला लागतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

धोरणांनी ओझे ओळखले. यशपाल समितीचा ‘ओझ्याविना शिक्षण’ हा अहवाल १९९३ मध्ये आला आणि गृहपाठाच्या स्वरूपाचा फेरविचार व्हावा असे त्याने सांगितले. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली, आणि त्यामुळे आठवीला माझ्यासमोर बसणारी मुले पुढे निदान वाचायला तरी बिचकेनाशी झाली. शिक्षण हक्क कायद्यानंतर २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात स्वाध्यायाला रीतसर स्थान मिळाले. २०२० च्या केंद्रीय दप्तर धोरणाने तर तासच ठरवून दिले: दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवी रोज एक तास, नववीपासून रोज दोन तास. मुलाने किती वेळ लिहावे याची मर्यादा आली, ती योग्य आहे. शिक्षकाने किती वेळ वाचावे आणि तो वेळ त्याला कोण देणार, याबद्दलचे कलम मला अजून कुठल्या धोरणात भेटलेले नाही.

त्याच २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि गृहपाठ फोनवर आला. राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेने व्हॉट्सॲपवर ‘स्वाध्याय’ नावाचा उपक्रम चालवला, त्यात आठवड्याच्या आठवड्याला प्रश्न येत. ज्या घरात एकच फोन आणि तो बापाबरोबर कामावर, तिथे रात्री बाप आल्यावर अभ्यास सुरू होई. परळच्या त्या खोलीत वेळ जशी दिवसाच्या कडेला ढकलली गेली होती, तशीच इथेही. आता तर फोनला मराठी वाक्य सांगितले की इंग्रजी वाक्य तयार मिळते. तर्खडकरांचा अख्खा दुसरा भाग एका संध्याकाळी होऊन जाईल, आणि मुलाला ‘हॅड गॉन’ आणि ‘वेंट’मधला फरक तरीही कळलेला नसेल. कारण ती चूक त्याच्या हातून होऊन, कुणी दाखवून, त्याने सुधारलेली नसेल.

म्हणून मागणी दोन गोष्टींची आहे. दोन्ही आपल्याकडे पूर्वी होत्या. पहिली, दिवा आणि जागा. आज गावोगावी स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका आहेत, कुठे ग्रामपंचायतीच्या, कुठे वाचनालयाच्या. त्यांतला एक कोपरा आणि संध्याकाळचे दोन तास आठवी ते दहावीच्या मुलांसाठी, विशेषतः मुलींसाठी, राखून ठेवावेत आणि शेजारी स्पर्धा परीक्षेचा एखादा मोठा मुलगा किंवा मुलगी बसवावी. वसतिगृहांनी हेच केले होते. दुसरी, भाषाशिक्षकाच्या वेळापत्रकात वह्या तपासण्याच्या तासिका लिहून द्याव्यात, त्या तासिकांना त्याला दुसऱ्या वर्गावर पाठवू नये, आणि इंग्रजीची तुकडी चाळिसांच्या वर जाऊ देऊ नये. एवढे झाले तर पुस्तक कुठले आणि पद्धत कुठली, यावर खुशाल वाद घालत बसू. ज्या मुलाला ठाऊक आहे की सोमवारी दिलेली वही मंगळवारी वाचून परत येणार आहे, तो रविवारी स्वतःचे वाक्य लिहितो. हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे, आणि मराठी माध्यमातल्या मुलाच्या इंग्रजीसाठी याहून खात्रीचा दुसरा उपाय मला माहीत नाही.